मदत हवी आहे: सोलेनॉइड व्हॉल्व्हला सप्लाय जातोय पण सिलेंडर कधीकधी हलत नाही
पॅकिंग मशीनवर हवेच्या सिलेंडरसाठी ५/२ पायलट टाइप व्हॉल्व्ह (५ पोर्ट, २ पोझिशन; कॉइल फक्त छोटी वाट उघडते, बाकी काम हवेचं प्रेशर करतं) आहे, कॉइल २४ व्होल्ट डीसी ४.८ वॅट. रेझिस्टन्स १२० ओहमच्या आसपास येतो म्हणजे कॉइल ठीकच असणार, एलईडी पण लागतो, पण सिलेंडर कधी जातो कधी नुसता बसून राहतो. पॅनेलला २४ येतायत पण कॉइलच्या कनेक्टरवर लोडमध्ये १९च, आणि कॉइलवर ±१० टक्के लिहिलंय म्हणजे २१.६ तरी पाहिजेत ना? मधल्या रिलेचा कॉन्टॅक्ट गेला असेल का? की हवेचाच प्रॉब्लेम, कारण स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा) ढकलायला लाईनचंच प्रेशर लागतं आणि बाकीचे सिलेंडर एकदम चालले की गेज २ बारच्या खाली येतो. सप्लायर म्हणतो २३० एसीची कॉइल टाका, पण त्यात प्लंजर (कॉइलच्या आत ओढला जाणारा लोखंडी गाभा) अडकला की कॉइल जळते, त्यामुळे नको वाटतं. आधी काय तपासू?