दोन एल्फिन्स्टन

काहींना वाटतं की मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन, दोन्हींना एकाच गव्हर्नरचं नाव होतं. तसं नाही. कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं. पेशवाई बुडाल्यावर 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर होता तोच. स्टेशन मात्र त्याच्या पुतण्याच्या, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनच्या नावाचं. हा 1853 ते 1860 गव्हर्नर होता, म्हणजे सत्तावनच्या धामधुमीत मुंबईची सूत्रं याच्याकडे होती. आताचं हॉर्निमन सर्कल आधी एल्फिन्स्टन सर्कल होतं, तेही याच्यावरूनच.

मूळ आडनाव स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियनमधल्या एल्फिन्स्टन गावाचं, आपल्या पुणेकर-नाशिककरांसारखंच. 2018 मध्ये स्टेशनच्या पाटीवर प्रभादेवी आलं, तरी आमची आई अजून फोनवर सांगते, "एल्फिन्स्टनला उतर, पुलाखाली थांबते." ते ऐकलं की फार बरं वाटतं.