मदत हवी आहे: हर्नियाची जाळी आणि आतडी चिकटण्याची भीती

आईच्या ऑपरेशनबद्दल विचारायचं आहे. इथे डॉक्टर मंडळी आहेत, घरात कुणाला जाळी बसवलेलेही असतील.

आई ६१ वर्षांची. गर्भपिशवी काढली तेव्हाचा उभा छेद आहे, त्याच्या खालच्या टोकाला फुगवटा आलाय. खोकली की बाहेर, आडवी झाली की आत. बादली उचलताना एक हात आपोआप पोटावर जातो. सीटीत स्नायूंमधली फट साधारण ५ सेंमी रुंद दिसली. शुगर आहे, पण आटोक्यात.

पहिले सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून करू आणि जाळी पोटाच्या आतून लावू. म्हणजे आतडी थेट जाळीसमोर. म्हणून कॉम्पोझिट जाळी, तिच्या आतल्या बाजूला थर असतो, "आतडं चिकटतच नाही." एस्टिमेटमधला जाळीचा आकडा बाबांनी दोनदा वाचला. दुसरे सर्जन म्हणाले, पोट उघडून करू, साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी स्नायूच्या मागे ठेवू, महागडी लागणारच नाही.

दोघेही अनुभवी, दोघांनीही वेळ देऊन समजावलं. मला खटकतंय ते "चिकटतच नाही". मावशीला मागे साधी जाळी आतून लावली होती. पुढे आतडं अडकलं, पोट पुन्हा उघडावं लागलं आणि जाळीला घट्ट बसलेल्या आतड्याचा तुकडा कापावा लागला. तो थर खरंच किती काम करतो? आणि स्नायूमागे ठेवलेली साधी जाळी सुरक्षित कशी?

प्रतिसाद १

मी जनरल सर्जन आहे. पेशंट न तपासता अमुकच करा असं सांगणार नाही, पण तुमची शंका रास्त आहे.

पोटाच्या अस्तराला इजा झाली की काही तासांत तिथे फायब्रिनचा (रक्ताच्या गुठळीत असतं ते प्रथिन) चिकट पापुद्रा जमतो. तो वेळेत विरघळला नाही की त्यातून आतडं चिकटवणारे पक्के पट्टे तयार होतात. अस्तर नव्याने धरायला साधारण आठवडा लागतो. कोलॅजेन किंवा तत्सम थराचं काम तेवढे दिवस आतडं लांब ठेवायचं. नंतर तो शरीरात विरून जातो. त्यामुळे चिकटणं कमी होतं, शून्य होत नाही. जाळीच्या कडा आणि ती अडकवायला मारलेले टॅक, तिथे हमखास काहीतरी धरतं. बऱ्याचदा ती नुसती चरबीची झालर असते आणि त्रास होत नाही.

दुसऱ्या पद्धतीत जाळी आणि आतडं यांच्यामध्ये स्नायूचं मागचं आवरण आणि अस्तर येतं, म्हणून साधी जाळी चालते. मात्र तो पडदा भोक न ठेवता शिवला गेला पाहिजे. मावशींच्या बाबतीत मध्ये पडदाच नव्हता. हीच जागा हल्ली दुर्बिणीतूनही गाठता येते. ती सोय तुमच्याकडे आहे का, पहिल्या सर्जनना विचाराच. जाळी आतूनच लावणार असतील तर फट आधी शिवून बंद करणार का, आणि जुनं चिकटलेलं सोडवताना आतड्याला भोक पडलं तर त्याच दिवशी जाळी बसवणार का, हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल तर मी तरी दुसरीकडे जाईन.

जाळीच्या पाकिटावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या. पुन्हा पोट उघडायची वेळ आली तर आत काय आहे हे कळतं.

मधल्या काळात फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या किंवा गॅस बंद झाला तर तारखेची वाट पाहू नका, थेट कॅज्युअल्टी.

धागाकर्ता

मनापासून आभार, डॉक्टर. टॅकचं कुणीच बोललं नव्हतं. आईच्या जुन्या ऑपरेशनचे कागद कपाटातून काढतोय, ते घेऊन दोघांकडे पुन्हा जातो.

आता मेडिक्लेमवाल्यांसाठी प्रश्न: कॉम्पोझिट जाळीचे पूर्ण पैसे कुणाला मिळालेत का? टीपीएचा (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी संस्था) माणूस "बिल आल्यावर बघू" यापलीकडे बोलत नाही.