म्हशीला कांडी भरतात तशी माळढोकाला का भरता येत नाही?

खानापूरची_लेक:
मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी चार म्हशी. एखादी माजावर आली की बाबा फोन करतात, माणूस गाडीला थंड नत्राचा डबा बांधून येतो, कांडी भरतो, म्हणजे गोठवलेलं वीर्य नळीनं आत सोडतो, दहा मिनिटांत काम संपतं. वर्गात सरांनी सांगितलं, जैसलमेरजवळच्या सुदासरी केंद्रात 16 ऑक्टोबर 2024 ला अशाच कृत्रिम रेतनातून माळढोक पक्ष्याचं पहिलं पिल्लू जन्मलं. ऐकून फार बरं वाटलं. पण आमच्या गोठ्यात जे इतकं सोपं आहे, ते रानातल्या जिवाला इतकं अवघड का? आणि त्यानं जात खरंच वाचते का? हे काम हातानं केलेल्यांनी सांगावं.

चिकोडीचा_कांडीवाला:
बाळ, एकवीस वर्षं चिकोडी-निपाणी पट्ट्यात हेच काम करतोय. दहा मिनिटं दिसतात ती शेवटची. त्याआधी तुझ्या आईनं म्हैस ओळखलेली असते. सोट (चिकट स्राव) टाकली, धार कमी झाली, रेकली. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कांडी. म्हशीला उन्हाळ्यात मुका माज येतो, म्हणजे बाहेरून खुणा दिसत नाहीत, तेव्हा तुझ्या आईसारखी जाणती बाईसुद्धा चुकते आणि म्हैस उलटते, गाभ राहत नाही. मग हरणीचा माज कोण बघणार? म्हणून शास्त्रज्ञ लेंड्या गोळा करून त्यातली संप्रेरकं तपासतात. जनावराला हात लावायला लागत नाही.

दुसरी अडचण हाताची. मी गुदमार्गात हात घालून गर्भाशयाचं तोंड धरतो, मगच नळी आत जाते. हरणीत तेवढी जागाच नाही. शिवाय तिला धरलं की धसक्यानंच मरायची भीती. तरी हैदराबादच्या लॅकोन्स या संकटातल्या प्राण्यांसाठीच्या प्रयोगशाळेत 2006 ला चितळाचं आणि 2007 ला काळविटाचं पाडस असं जन्मलं. काळवीट म्हणजे आपल्या माळावरचं जनावर, म्हणून ती बातमी वाचली त्या दिवशी मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं.

पक्ष्याची तऱ्हा आणखी वेगळी. माळढोकाच्या नराला आधी बनावट मादीवर चढायची सवय लावावी लागली, त्यात महिने गेले. नर रामदेवऱ्याच्या केंद्रात, मादी सुदासरीला, म्हणून वीर्य प्रवास करून न्यावं लागलं. आणि मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. चुकलं की वर्ष गेलं.

अथणीचा_माळकरी:
काका, माहिती चांगली. पण माझं मत स्पष्ट सांगतो. आजोबा सांगायचे, जतकडच्या माळावर माळढोक चालताना दिसायचा. तो माळ आता ऊस आणि द्राक्षाखाली गेला. राजस्थानात उंच तारांना धडकून हे पक्षी मरतात, कारण त्यांना समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळं चटकन वळता येत नाही. तारा तशाच ठेवून पिल्लं काढली तर ती सोडायची कुठं?

चिकोडीचा_कांडीवाला:
अण्णा, माळ पाहिजेच, त्यात दुमत नाही. पण रानात दीडशेसुद्धा उरले नसताना माळ सुधारेपर्यंत थांबलो तर सोडायला पक्षीच राहणार नाही. दोन्ही कामं एकदम चालली पाहिजेत.

मला जास्त काळजी वेगळीच आहे आणि ती माझ्या धंद्यातून आली आहे. मी हजारो कांड्या भरल्या, सगळ्या निवडक वळूंच्या. दूध वाढलं. पण कृष्णाकाठची कृष्णाखोरी गाय माझ्या डोळ्यांदेखत विरळ झाली, त्याला माझाही हात लागला. तेच तंत्र रानात उलटं वापरायला लागतं. तिथं सर्वांत चांगला नर निवडायचा नाही, ज्याची पिल्लं सर्वांत कमी त्याचं रक्त आधी जपायचं.

अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेटचं बघ, मुंगसासारखं दिसणारं लहान जनावर. आजचे जवळजवळ सगळे फक्त सात जनावरांचे वंशज. त्या सातांबाहेरच्या, वंश न राहिलेल्या एका मादीच्या पेशी 1988 साली गोठवल्या होत्या, त्यांतून डिसेंबर 2020 मध्ये एलिझाबेथ ॲन नावाचं क्लोन, म्हणजे त्या मादीची हुबेहूब प्रत असलेलं पिल्लू जन्मलं. बत्तीस वर्षं कुणीतरी तो डबा नत्रानं भरत राहिला. मला हे कळतं, कारण माझा डबा एकदा गळला आणि एका रात्रीत सगळ्या कांड्या वाया गेल्या.

उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याचा शेवटचा नर सुदान 2018 ला गेला. आता केनियात नाजिन आणि फातू या मायलेकीच उरल्या. गोठवलेलं वीर्य आहे, भ्रूणही तयार केलेत, पण पोटात वाढवायला दुसऱ्या जातीची गेंडीण लागते. म्हणून माझं म्हणणं, बागलकोटकडं यडहळ्ळीला चिंकारा हरीण अजून हिंडतंय, तोवरच त्याचं वीर्य, पेशी गोठवून ठेवायला पाहिजेत.

खानापूरची_लेक:
काका, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मुका माज ओळखायला रोज सकाळी शेपटीखाली बघावं लागतं, हे लिही. आमच्या आजोळी सदलग्याला एक कृष्णाखोरी गाय आहे, म्हातारी झाली. तिच्या जातीची कांडी मिळेल का?

चिकोडीचा_कांडीवाला:
आधी तिचे दात आणि शेवटचं वेत कधी झालं ते विचारून कळव. सदलगा मला जवळ आहे, रविवारी येऊन तपासतो.