मालदिनी: उजव्या पायाचा डावा बॅक?

प्रश्न: इटलीचा फुटबॉल बचावपटू पाओलो मालदिनी मूळचा उजव्या पायाचा ना? मग एसी मिलान क्लबमध्ये डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, कसा?

उत्तर १: उजवीकडे संघातला दुसरा बचावपटू तासोत्ती पक्का होता. पाओलोने डावा पायही तितकाच तयार केला. कडेने येऊन आत वळणाऱ्या विंगरसमोर (कडेचा आक्रमक) उजवा पाय उलट कामी येतो. वय वाढल्यावर सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू. पदार्पण जानेवारी १९८५, वय १६. मिलानकडून एकूण ९०२ सामने.

उत्तर २: वडील चेझारेही बचावपटू. १९६३ ला वेम्बलीवर कर्णधार म्हणून युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) मिलानसाठी उचलला; पाओलोने २००३ ला मँचेस्टरमध्ये, तोही कर्णधार म्हणूनच.

उत्तर ३: चेझारेचा नातू, पाओलोचा मुलगा डॅनिएल मात्र आक्रमक मिडफिल्डर (मधल्या फळीतला), आडनाव बघून टॅकल (चेंडू हिसकावणं) शोधू नका! २०२४ मध्ये इटलीकडून खेळला. मिलानने पाओलोचा ३ नंबरचा शर्ट निवृत्त केला, सूट फक्त पाओलोच्या मुलांना. तरी हा तिथे २७ घालायचा.