मदत हवी आहे : सप्टेंबरअखेर किन्नौर-स्पीती, एक गाडी, दोघं जण

रानवारा
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून बारा दिवस मोकळे काढले आहेत, रेल्वेचा जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. मी आणि नवरा, पुण्याहून. एकच गाडी, क्लासिक ३५०, २०२२ची, स्पोकची चाकं. दोघंही चालवतो. घाटांची सवय आहे, वाहत्या पाण्यातून गाडी काढायची सवय नाही. मनाली-लेहची गर्दी टाळून शांत रस्ते हवेत, म्हणून हिमाचलातलं किन्नौर-स्पीती ठरवलं.

मनालीकडून शिरावं की सिमल्याकडून? गाडी रेल्वेनं न्यावी की तिकडे भाड्यानं घ्यावी? दोघं आणि सामान घेऊन गाडी कुंझुमची खिंड चढेल का? पेट्रोलचा कॅन लागेल का?

घाटमाथा
सिमल्याकडूनच शिरा. मनालीकडून गेलात तर पहिल्याच दिवशी २,००० मीटरवरून ४,५०० च्या वर जाऊन काझाला ३,६५० मीटरच्या आसपास झोपावं लागतं. डोकं दुखणं, मळमळ, रात्री झोप न लागणं, हे सगळं त्यातून येतं. किन्नौरमधून उंची हळूहळू वाढते : नारकंडा २,७००, सांगला तेवढंच, कल्पा २,९००, नाको ३,६००, मग ताबो थोडं खाली ३,३००. शरीराला वेळ मिळतो.

अंबाल्याहून असं बसवा. पहिला दिवस नारकंडा. दुसरा सांगला, करछमला मुख्य रस्ता सोडून वर जाणारा रस्ता अरुंद आहे, वळणावर हॉर्न द्या आणि वर येणाऱ्या एसटीला जागा द्या (तिकडे तिला एचआरटीसी म्हणतात). तिसऱ्या दिवशी सकाळी छितकुल बघून संध्याकाळी कल्पा. चौथा नाको. पाचवा ताबो. सहावा धनकर करून काझा. सातवा की गोम्पा, किब्बर, चिचमचा पूल. आठवा पिन खोरं. नववा राखीव. दहावा कुंझुम ओलांडून सिस्सू किंवा मनाली. उरलेले दोन परतीचे. मनाली-अंबाला एका दिवसातही ओढता येतं, म्हणजे त्यातला एक पुन्हा राखीवच.

शांतता हवी असेल तर पिन खोरं अजिबात गाळू नका. अत्तरगूच्या पुलावरून आत वळलं की मूद गावापर्यंत तीसेक किलोमीटर, आणि रस्ता तिथेच संपतो. पुढे जाणारं कोणी नसल्यामुळे वाहनं अगदी तुरळक. एका बाजूला पिन नदीचं रुंद पात्र, समोर जांभळट-हिरवट खडकाचे डोंगर, आणि त्या दिवसांत वाटाण्याची-जवाची कापलेली शेतं. लांगझा-हिक्कीम-कोमिक हा फेरा सुंदर आहे, पण गाड्या सगळ्या तिकडेच वळतात. वेळ कमी पडला तर तो सोडा, पिन ठेवा.

किलोमीटर बघून दिवस आखू नका. किन्नौरमध्ये ताशी २५ ची सरासरी धरा. नारकंडा-रामपूर पट्ट्यात त्या काळात सफरचंदाचे ट्रक असतात, म्हणून सहाला निघा. निगुलसरीसारख्या दरडीच्या जागी फोटोला थांबायचं नाही. तिथे ऑगस्ट २०२१ मध्ये बस दरडीखाली गाडली गेली होती. वर कोरडं दिसतं तरी पाऊस संपल्यावरही दगड सुटत राहतात.

स्पोकपाना
गाडीबद्दल मी लिहितो.

रेल्वेनंच न्या. दोघांचं सामान आणि बसण्याची सवय झालेली स्वतःची गाडी बरी, आणि तिचे आवाज तुम्हाला ओळखू येतात. पुण्याहून झेलम एक्सप्रेस अंबाला छावणीला थांबते. पण पार्सल त्याच गाडीत चढेलच असं नसतं, म्हणून आधी पाठवा आणि पोचल्याचं कळल्यावर निघा. पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात. टाकी पूर्ण रिकामी हवी, थेंबभर राहिलं तरी परत पाठवतात. आरसे काढून बॅगेत ठेवा. हँडल, टाकी, हेडलॅम्प, सायलेन्सर या चार ठिकाणी गोणपाटाखाली जुनी चादर किंवा फोम बांधून घ्या, कारण गाड्या एकमेकींना टेकवून ठेवतात आणि ओरखडे तिथेच पडतात. नाव, फोन आणि स्टेशन गोणपाटावर मार्करनं दोन्ही बाजूंना लिहा. उतरल्यावर उशिरा उचललीत तर भाडं चढतं.

कुंझुम चढेल. ४,५०० मीटरवर हवा जवळपास चाळीस टक्के विरळ असते, ताकद त्याच प्रमाणात उतरते. २०२२ची क्लासिक एफआय (फ्यूएल इंजेक्शनची) आहे, हवा-पेट्रोलचं मिश्रण ती स्वतः सांभाळते, कार्ब्युरेटरचा जेट बदलण्याची कटकट नाही. खरा धोका क्लचला. चढावर अर्धा क्लच धरून रेटलं की प्लेटा जळतात आणि करपल्याचा वास येतो. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, आणि तरी ओढत नसेल तर मागच्यानं उतरून शंभर पावलं चालायचं. निघण्यापूर्वी प्लेटा तपासा. क्लच आता घसरत असेल तर वर हमखास जाईल.

बरोबर न्यायचं : पुढची आणि मागची एकेक ट्यूब, टायर लिव्हर तीन, हातपंप किंवा छोटा कॉम्प्रेसर, दोन्ही एक्सलचे पाने, क्लच वायर (नवीन वायर जुन्याच्या शेजारून आधीच टाकून ठेवा, तुटली की फक्त टोकं जोडायची), पुढचे ब्रेक पॅड, चेन लॉक (चेनची जोडकडी), चेनचं लूब, फ्यूज, एक प्लग, इन्सुलेशन टेप, केबल टाय. ट्यूबलेसचं दोरीवालं किट तुमच्या चाकाला चालत नाही. ट्यूब बदलायला घरी एकदा स्वतः शिका, दोघांनीही.

हवा फार कमी करू नका. खडीवर पकड मिळावी म्हणून लोक ट्यूबच्या गाडीतही भसाभस हवा सोडतात, आणि दोघांच्या वजनात दगड लागला की ट्यूब रिमखाली चिमटून दोन भोकं पडतात. दुहेरी स्वारीच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय कमी, बस्स. चेनचा ढिलेपणा दोघं बसलेले असताना तपासा, रिकाम्या गाडीवर नाही.

पेट्रोल : टाकी १३ लिटरची, ३० चं मायलेज धरलं तरी ३९० किलोमीटर. रिकाँग पिओच्या खाली पोवारीला भरा, पुढचा पंप थेट काझाला, सुमारे २०० किलोमीटरवर. काझाहून मनालीही साधारण तेवढंच. म्हणजे कॅन गरजेचा नाही. पण काझाला पोचल्या संध्याकाळीच टाकी भरून टाका. रस्ता बंद होऊन टँकर अडकला की दुसऱ्या दिवशी पंप कोरडा असू शकतो.

रानवारा
खूप उपयोगी, धन्यवाद दोघांनाही. कुंझुमपलीकडच्या बातल ते ग्रामफू पट्ट्यात नाले ओलांडावे लागतात म्हणे. दोघं असताना कसं करायचं? आणि उंचीच्या त्रासावर गोळ्या घ्याव्यात का?

घाटमाथा
त्या पन्नासेक किलोमीटरला चार-पाच तास धरा. काझाहून पहाटेच निघा, म्हणजे दुपारच्या आत त्याच पट्ट्यातल्या छत्रूला पोचाल. नाल्यांना पाणी वरच्या बर्फाचं. ऊन चढलं की ते वितळतं आणि सकाळी पोटरीपर्यंत असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं.

मागच्यानं उतरायचं, जड बॅग हातानं पलीकडे. आधी बूट घालून पाण्यातून चालून बघा. जिथे पाणी पसरट आणि खळाळतं दिसतं तिथे ते उथळ. शांत, गडद दिसतं तिथे खड्डा. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. मध्येच थ्रॉटल सोडला की चाक गोट्यांत अडकतं. गाडी पडून पाणी एअर फिल्टरमध्ये गेलं असेल तर सेल्फ मारू नका, पिस्टनवर पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, मगच सेल्फनं पाणी बाहेर उडवा, फिल्टर कोरडा करा, मग चालू करा. नाला संपल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही. गोळी घेतली तरी डोकेदुखीसोबत तोल जाणं किंवा बसल्या जागी दम लागणं सुरू झालं, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. चंद्रताल तळ्याजवळचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर आहे, तो काझात तीन रात्री झाल्यानंतरच.

निवांत
एक भर. कुंझुम ओलांडायचाच असा हट्ट धरू नका. २०१८ च्या सप्टेंबरअखेरीस अवेळी बर्फ पडून लाहौल-स्पीतीत शेकडो माणसं अडकली होती, म्हणजे नेमक्या तुमच्याच तारखांना. निर्णय काझात घ्या. मनालीकडून त्या दिवशी आलेल्या टॅक्सीवाल्यांना स्टँडवर विचारा, तीच सगळ्यांत ताजी खबर. ढग दाटले असतील तर आल्या वाटेनं परत फिरा : नाको, रामपूर, मग सैंजहून लुहरी, आनी आणि ३,१०० मीटरचा जलोडी पास ओलांडून बंजार, औट. देवदाराच्या जंगलातला हा रस्ता निवांत आहे. पण जलोडीच्या दोन्ही बाजूंचा शेवटचा चढ फार खडा आहे. उतरताना पहिला-दुसरा गिअर ठेवून इंजिनवर गाडी रोखा, नाहीतर ब्रेक तापून लिव्हर पोकळ लागतो. या वाटेला काझापासून अंबाल्यापर्यंत चार दिवस धरा, म्हणजे राखीव दिवस काझात खर्च करायच्या आधी आकाश बघा.