टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए (जनुकाची आरएनए प्रत) चार तासांत उतरतो, कारण कसं ओळखायचं?

मंडळी, मदत हवी आहे. रत्नागिरीतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये टीएचपी-१ (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशी) पेशींना पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) करतो आणि मग ई. कोलाय जिवाणूच्या बाह्य आवरणातलं एलपीएस देतो. (कोकणात लेप्टो असताना ई. कोलाय का, असं कुणी विचारेलच. लेप्टोस्पायराचं एलपीएस माणसाच्या टीएलआर४ला (पेशीवरचा जंतू ओळखणारा रिसेप्टर) ओळखू येत नाही, टीएलआर२ला येतं. म्हणून आधी रुळलेली वाट.)

टीएनएफचा एमआरएनए तासाभरात उसळतो, चौथ्या तासाला खाली. आयएल-६ (दाहाचंच दुसरं प्रथिन) याचा एमआरएनए तेव्हा चढतच असतो. हे उतरणं आयकप्पाबी-अल्फा या रोधक प्रथिनाने एनएफ-कप्पाबीला (टीएनएफचं जनुक चालू करणारं प्रथिन) केंद्रकाबाहेर काढल्यामुळे, की एमआरएनएच्या शेपटाकडच्या, ए आणि यू ही अक्षरं भरपूर असलेल्या (एयू-बहुल) भागाला टीटीपी हे प्रथिन चिकटून तो तुटल्यामुळे? दोन्ही घडत असणार, पण वाटा कुणाचा किती?

पेशी जिवंत आहेत, ट्रायपॅन ब्ल्यूने पाहिलं. तुलनेसाठीचं स्थिर जनुक म्हणून जीएपीडीएचऐवजी एचपीआरटी घेतलं, चित्र तेच. एमआरएनए किती वेगाने तुटतो ते पाहायला अ‍ॅक्टिनोमायसिन डी (नवा आरएनए बनणं थांबवणारं औषध) वापरलं, पण त्याने टीटीपीचं नवं उत्पादनही थांबतं, मग आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा?

किरणोत्सर्गी कामाची परवानगी नाही, सिक्वेन्सिंगला पैसे नाहीत. पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे रात्रभराचे प्रयोग नकोत. साधं क्यूपीसीआर (आरएनएच्या डीएनए प्रती वाढवून मोजणारं यंत्र) आहे.

टीएनएफच्या इंट्रॉनवर (पक्क्या एमआरएनएतून कापून टाकला जाणारा तुकडा) प्रायमर बसवून, इंट्रॉन अजून न कापलेला कच्चा आरएनए मोजला, तर ट्रान्सक्रिप्शनचा (नवा आरएनए बनण्याचा) अंदाज म्हणून चालेल का? आणि डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) देऊनही, नमुना २८व्या सायकलला आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली, म्हणजे फक्त उरलेला डीएनए दाखवणारी नळी ३३व्या सायकलला उठत असेल, तर तेवढं खपवून घ्यावं का?