सिनेगॉगमधलं म्युझियम, कोणी पाह्यलं का? (केरळ)

घाणेवाला_दारव्हा:
नमस्कार मंडळी. पुतण्या कोचीले नोकरीले लागला, पुढच्या महिन्यात आठ दिवस त्याच्याकडं जातो. तिकडं ज्यू लोकाइच्या जुन्या सिनेगॉगमधे, म्हणजे त्याइच्या प्रार्थनाघरात, म्युझियम केलं म्हणे. मले गोडी काहून, तर आमच्या आज्याचा लाकडी घाणा होता अन् कोकणातल्या ज्यूंले ‘शनवार तेली’ म्हणत हे वाचलं तवापासून डोक्यातून जातच नाही. ज्यू अन् तेली? कोणी गेलं असन तर सांगा. माय सोबत आहे, तिचे गुडघे दुखतात.

फिरस्ता_मेळघाट:
गेलतो भाऊ. दोन आहेत, परवूर अन् चेंदमंगलम, जवळजवळच, एका दिवसात होतात. चेंदमंगलमले अंगणात सारा नावाच्या बाईचा १२६९ चा हिब्रू कोरलेला थडग्याचा दगड आहे, मी तर तिथंच लय वेळ उभा होतो. आतमधे तोरा, म्हणजे त्याइचा धर्मग्रंथ, वाचायचा एक चौथरा खाली अन् दुसरा वर माडीवर, ही केरळातलीच रीत, बायका वरच बसत. मायले खालचं आरामात पाहता येईन, वरचे फोटो तुम्ही काढून दाखवा. १९४८ नंतर बहुतेक लोक इस्राएलले गेले, इमारत राह्यली. कोचीतल्याच मट्टनचेरीचं १५६८ चं परदेसी सिनेगॉग पण करा, फक्त शुक्रवारी अन् शनवारी जाऊ नका, बंद असते.

अलिबागची_लेक:
माहेर अलिबाग, सासर पुसद, म्हणून राहवलं नाही. दादा, कोकणातल्या ज्यूंचा धंदा तेल गाळायचा. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, त्या दिवशी काम नाही, म्हणून घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. या कोकणातल्या ज्यूंना बेने इस्राएल म्हणतात, केरळातले ज्यू वेगळे. यांची बोली मराठी, आडनावं गावावरून, किहीमकर, दिवेकर, पेणकर, बायबलच्या गोष्टींवर मराठीत कीर्तनंसुद्धा करत. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा म्हणजे प्रसाद करतात, पोहे, नारळ, गोड, फळं. अलिबागचं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं, ते म्युझियम नाही, प्रार्थनेचीच जागा आहे, तेव्हा विचारून जा. केरळ बघाच, पण आपल्या भाषेतली ही माणसं आधी बघायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

घाणेवाला_दारव्हा:
ताई, अंगावर काटा आला. आमचा आजा सोमवारी घाणा जुपत नव्हता, महादेवाचा वार, बैल मोकळा. मायले वाचून दाखवलं तर ते म्हणे, म्हणजे आपण सोमवार तेली अन् थे शनवार. केरळची तिकिटं काढलीच आहेत, दिवाळीनंतर अलिबाग. तिथं घाण्याची काही जुनी खूण उरली आहे का, कोणाले विचारू?